कुलपाशी बोलणारे बाबा

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि संध्याकाळी आमच्या ग्रुपच्या विनोदी स्किटमध्ये वडील व्हायची. पँट चढवून चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला की बाईमाणूस कुठल्या कुठं. आम्ही तिला बाबाच म्हणायचो.

हे बाबा तिनं आपल्या वडिलांवरून उचलले होते. ते पंप विकायचे, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. घराबाहेर पडताना कुलपाला दटावायचे, ‘‘जावईबापू, डुलकी काढू नका.’’ चष्मा पुसायला शेजारच्याची बाही ओढायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

टीव्हीवर बोलावणं आलं तेव्हा हेच स्किट निवडलं गेलं. त्यात मी कुलूप. वाहिनीच्या बाईंनी ‘जावईबापू’ तेवढं काढायला लावलं; घरोघरचे जावई रुसतील म्हणाल्या. एकेका वाक्याला थांबवून पुन्हा करायला लावत होते, तरी तिनं माझी बाही ओढली आणि कॅमेरावालाच हसत सुटला.

कार्यक्रम लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीत तिला एका अनोळखी बाईचा फोन आला. वाहिनीकडून नंबर मिळवला होता. कौतुक सगळ्यांनी ऐकावं म्हणून हिनं स्पीकर लावला.

‘‘छान करता,’’ ती बाई म्हणाली. ‘‘फक्त एक राहिलं. ते कुलपाला जावईबापू म्हणतात.’’

हा शब्द तर टीव्हीवर गेलाच नव्हता. हिनं विचारलं, कोण बोलतंय?

‘‘मी त्यांची मुलगी. एकदा फिरतीवर गेले ते आलेच नाहीत. तुम्हाला कुठं भेटले? जरा त्यांना फोन देता का?’’

ही एवढंच म्हणाली, ‘‘ते नाहीत आता. मीही त्यांचीच मुलगी.’’

दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही. आम्ही बाकीचे चोरासारखे बाहेर सटकलो.

आपल्या आईला सांगायला हिनं मला बरोबर नेलं. आई भाजी निवडत होती. दुसरं घर, दुसरी मुलगी, सगळं तिनं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, ‘‘तिथंही जावईबापूच म्हणायचे?’’

मी हो म्हटलं.

‘‘तो शब्द माझा होता. लग्न झाल्यावर मीच कुलपाला तसं म्हणायला लागले, त्यांनी उचलला.’’ भाजी तशीच टाकून ती आत गेली. दार लावून घेतलं.

वाहिनीला पुढच्या भागात तेच बाबा हवे होते. ही ठाम नाही म्हणाली. आम्ही न्हाव्याचं स्किट केलं, ते बेताचंच झालं.

पुढं दोघी बहिणी भेटल्या. परत आली तेव्हाही हिचा चेहरा उतरलेलाच होता. जन्म एकाच आठवड्यातला निघाला म्हणे, ती थोडीशी मोठी.

‘‘एवढ्याशा फरकाला ताई कसं म्हणायचं रे?’’ हिनं विचारलं.

सध्या तरी त्या एकमेकींना अगंतुगं करतात.