कॅमेऱ्याच्या खाचेतली हळद

माझी आई धवला गातानाचा एकच फोटो माझ्याकडे आहे आणि त्यात तिचं तोंड नाही. वरचा अर्धा फोटो काळाकुट्ट. खाली तिचे दोन हात, हातात अक्षतांचं ताट, लुगड्याचा हिरवा काठ आणि पाटावर बसलेल्या नवरीच्या मुंडावळ्या. कुणाला दाखवला की म्हणतात, अरेरे, फोटो खराब झाला. आपोआप खराब व्हायला ते काय दूध आहे? तो खराब केला गेला. कुणी केला हे मला ठाऊक आहे, आणि आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी लग्नाचे फोटो काढते. मुरबाडच्या बाजारपेठेत एका काकांच्या स्टुडिओत शिकले आणि पुढे स्वतःची कामं घ्यायला लागले. बाईच्या गळ्यात कॅमेरा दिसला की मांडवातलं कुणीतरी हटकून विचारतं, मेन फोटोग्राफर कधी येणार? मीच मेन, असं सांगितलं की विचारणारा माझ्या मागे बघतो, तिथे कुणी पुरुष उभा आहे का म्हणून.

आई धवलारीण. आमच्याकडे लग्नाला भटजी उशिरा आला तरी खपतं, धवलारीण वेळेवर लागते. हळद लावण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत विधीविधीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं. तो झाल्याशिवाय विधी पुरा झाला असं बायका मानत नाहीत. माझ्या जन्माच्या आधीपासून आई गात आलेली, आणि तरी कुठल्याच घरच्या अल्बममध्ये ती नाही. फोटोग्राफर तिला एवढंच म्हणतात, मावशी, जरा बाजूला व्हा, नवरी झाकतेय. मी कॅमेरा हातात घेतला तरी तिचा फोटो निघेना, कारण मुहूर्त सगळ्यांचे एकाच दिवशी. ती भाऊबंदांच्या मांडवात गात असायची तेव्हा मी भलत्याच गावात परक्या नवरदेवाला हनुवटी वर करायला सांगत असायचे.

मग तिच्या घशात गाठ निघाली. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, बोलता येईल, पण गाणं विसरा. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वैशाखरे गावातलं लग्न उरकल्यावर केलं तर चालेल का? तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि धवले गायचा शब्द तिने देऊन ठेवला होता. डॉक्टर हो म्हणाले. मी त्याच दिवशी मामांना फोन केला, फोटोंचं काम माझं, दुसऱ्या कुणाला सांगू नका. खरं सांगते, मला नवरा-नवरीचं काही पडलं नव्हतं. मला आईचा गाताना फोटो हवा होता, डोळे मिटलेले, मान जराशी वर, गळ्याची शीर ताणलेली. तिचा चेहरा मला कधीही मिळाला असता. गाणारा चेहरा त्या एका दिवशीच मिळणार होता.

माझा जुना कॅमेरा मांडवाच्या अंधुक उजेडात काही कामाचा नव्हता. नवा परवडत नव्हता. शहापूरला माझ्या नणंदेच्या सासरचा एक जण स्टुडिओ चालवतो, त्याच्याकडे एक चांगला सेकंडहँड असल्याचं कळलं. नात्यातला माणूस म्हणून मी त्याच्याकडे गेले.

वापरलेल्या कॅमेऱ्यात बघायचं असतं ते शटर. कॅमेऱ्याच्या पोटात पातळ पात्यांचा एक पडदा असतो. बटण दाबलं की तो उघडतो आणि मिटतो, खटक असा आवाज येतो तो त्याचाच. प्रत्येक फोटोला तो थोडा झिजतो. किती फोटो टिकेल याचा अंदाज बनवणारे देतात, कुठे लाख, कुठे दीड लाख. त्याच्या पुढे चालला तर आपलं नशीब, नाहीतर एखाद्या खटक्याला पातं निसटतं आणि खेळ खलास. बाहेरून काही कळत नाही. काच लखलखीत पुसता येते, रबर नवं चिकटवता येतं. झालेल्या फोटोंचा आकडा कॅमेऱ्याच्या आत असतो, तो कॉम्प्युटरला जोडून वाचावा लागतो.

त्याने मला आकडा वाचून दाखवला. वीस हजारही नव्हता. म्हणाला, याच्यावर फक्त पासपोर्ट फोटो काढलेत, हा स्टुडिओच्या उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. मग कॅमेरा आतल्या खोलीत नेऊन, पुसून, पिशवीत घालून आणला. मी तो तिथेच पुन्हा बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला. पकडीच्या रबराच्या खाचेत, स्क्रूंच्या खोबणीत पिवळे कण बसलेले होते. बोट फिरवलं तर हळद. आम्ही फोटोवाले दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. मला वाटलं, पूजा करणारा माणूस आहे, वस्तू जपली असणार. ती हळद मी कपाळाला लावली, माझा जुना कॅमेरा त्याला बदल्यात देऊन टाकला आणि घरी आले.

लग्न दुपारचं होतं. नवरीला पाटावर बसवून आईने धवला गायचा, मग मंगलाष्टकं, असा क्रम ठरलेला. पण त्याच्या आधी सत्कार. हा आमच्या भागाला जडलेला रोग आहे. माइकवाला एकेक नाव पुकारतो, माजी हे, आजी ते, आणि ज्यांना काहीच पद नाही ते भावी. प्रत्येकाला टोपी, शाल, नारळ. ज्याचा सत्कार होतो तो नारळ दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत उभा राहतो आणि फ्लॅश पडल्याशिवाय जागचा हलत नाही.

काकांच्या वेळी रोल असायचा. सत्काराच्या माणसांवर काका रोल वाया घालवत नसत, नुसता फ्लॅश उडवून द्यायचे. माणूसही खूश आणि रोलही शाबूत. आता ती सोय राहिली नाही. आता माणूस स्टेजवरून वाकतो आणि म्हणतो, दाखव बघू. डोळे मिटले असतील तर परत. शाल घसरली असेल तर परत. मागे उभा राहिलेला कार्यकर्ता कापला गेला असेल तर त्याला पुढे ओढून परत. ज्यांना नवरीचं नावही माहीत नव्हतं अशा माणसांसाठी त्या दुपारी कॅमेऱ्यातला पडदा उघडत होता, मिटत होता, उघडत होता, मिटत होता. नवरीचा बाप घाम पुसत नारळ पुरवत होता. आपल्याच पोरीच्या लग्नात तो हमाल झाला होता आणि त्यातच त्याला मोठेपणा वाटत होता.

मुहूर्त टळला. आई ताट घेऊन खांबाशी उभी होती. खोकायची, पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा उभी राहायची. मला राहवेना. मी माइकवाल्याजवळ जाऊन म्हटलं, आता पुरे करा, धवलारीण आजारी आहे, तिला उभं राहवत नाही. त्याने माइकवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, साहेब वाटंत हायेत. तवर धवलारनीला बसवा की खुर्चीवर."

साहेब आले, टोपी घालून घेतली, आशीर्वादाच्या नावाखाली स्वतःच्या कामांची यादी वाचली, पुढच्या लग्नाला निघून गेले. त्यांच्यामागोमाग अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

मग आईने धवला धरला. सुरुवातीला आवाज फुटेना, दुसऱ्या ओळीला तो आला, तोच जुना, उंच, थोडा खरखरीत. म्हाताऱ्या बायका जवळ सरकल्या. मी गुडघ्यावर बसले. माइकवाला मागे अजून आभारच मानत होता. आईने डोळे मिटले, मान वर झाली, शीर ताणली गेली. मी बटण दाबलं. खटक झालं नाही. आत काहीतरी करकरलं, आणि मागच्या स्क्रीनवर तो अर्धा काळा फोटो आला. परत दाबलं तर बटण मेलेलं. बॅटरी काढून घातली, लेन्स काढून घातली, काही नाही. मोबाईल पर्समध्ये, पर्स नवरीच्या खोलीत दागिन्यांबरोबर कुलपात. किल्ली मिळवून मी परत येईपर्यंत आईचा आवाज चिरकला होता. तिने शेजारच्या बाईला खूण केली आणि उरलेला धवला त्या बाईने पुरा केला. आई ताटाकडे बघत उभी राहिली. मला तिथे मोठ्याने रडावंसं वाटलं, पण पुढे मंगलाष्टकं होती आणि मला मोबाईलवर लग्न उरकायचं होतं.

नंतर मी मांडवातल्या सगळ्यांचे मोबाईल बघितले. सगळे नवरा-नवरीवर रोखलेले. एकात आईचा कोपर होता. एकात तिचा आवाज होता म्हणतात, मला तर त्यावर फक्त आभार ऐकू आले.

कल्याणला दुरुस्तीच्या दुकानात कॅमेरा उघडला तेव्हा पातं तुटलेलं निघालं. आकडा वाचला तर शटरचं आयुष्य कधीच संपून गेलेलं होतं, एवढे दिवस ते उपकारावर चाललं होतं. आतल्या कडेला हळदीचा थर होता. तो थर बघताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दसऱ्याच्या पूजेत हळदीबरोबर कुंकू असतं. या कॅमेऱ्यावर कुंकवाचा एक कण नव्हता. ही पूजेची हळद नव्हतीच. लग्नघरी डीजेवर नाचताना लोक एकमेकांना फासतात, मूठमूठ उधळतात, ती ही हळद. कितीतरी मांडव खाऊन आलेला कॅमेरा त्याने माझ्या गळ्यात मारला होता आणि मी तो कपाळाला लावून घेतला होता.

तशीच शहापूरला गेले. तो चहा मागवायला लागला, मी नको म्हटलं. कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "दादा, तुमच्याकडं दसऱ्याला कुंकू वाहत नाहीत का?"

त्याला कळलं नाही. मग त्याची नजर मागच्या फळीवर गेली आणि माझीही गेली. तिथे त्याच जातीचा दुसरा कॅमेरा होता, डोक्यावर हळद आणि कुंकू दोन्ही वाळलेलं. आकडा मला त्याचा दाखवला होता. आतल्या खोलीतून आणून दिला तो काउंटरवरचा हा. मी ते तोंडावर बोलले. तो ओशाळला वगैरे मुळीच नाही.

"शटर म्हंजे टायर हाय, ताई. झिजनारच," तो म्हणाला. "सेकंडहँडचं काय खरं नसतं."

मग मी आईच्या फोटोचं सांगितलं, ते ऐकून त्याला माझी दया आली. तेवढंच ना, म्हणाला, आईचा कुठलाही साधा फोटो पाठव, मी मोबाईलवर एआयने त्या काळ्या जागी तोंड बसवून देतो, गाताना उघडलेलं पाहिजे तर उघडलेलं, फुकट. आणि फोन पुढे करून त्याने कुठल्याशा मेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात हसताना दाखवलं. आजोबांचे दात पांढरेशुभ्र होते. मी कॅमेरा उचलला आणि दुकानातून निघाले, कारण आणखी थांबले असते तर तो कॅमेरा मी त्याच्या डोक्यात घातला असता.

आईचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर काही दिवसांनी तिने खुणेने विचारलं, फोटो? मी लपवणार होते, पण लपवून लपवणार किती. लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला. तिने हात ओळखले. काळ्या भागावर बोट ठेवलं.

"हितं मी हाय?" आवाज कुजबुजल्यासारखा, आतून वारा यावा तसा.

हो म्हटलं.

"आन् त्या टोपीवाल्यांचं आलं?"

"आलं."

"सगल्यांचं?"

मी मान हलवली. ती म्हणाली, दाखव. मी एकेक दाखवत गेले. टोपी, शाल, नारळ, दात. टोपी, शाल, नारळ, दात. सगळे पूर्ण, स्वच्छ, काही तर दोन-दोनदा. आई सगळे बघत राहिली. साहेबांच्या फोटोत मागे खांबाशी तिच्या लुगड्याचा एवढासा तुकडा दिसत होता. तिथे ती थांबली.

"पुसून टाक," ती म्हणाली.

मी म्हटलं, मामा मागतील. अल्बम व्हायचाय, त्यांनी सगळ्यांना फोटो द्यायचे कबूल केलेत.

"मागू दे."

तिच्या देखत मी सत्काराचे सगळे फोटो पुसले. कार्डातून पुसले, लॅपटॉपमधून पुसले. ती प्रत्येक वेळी स्क्रीनकडे बघून खात्री करत होती. मग औषध घेऊन झोपली.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. साहेबांच्या माणसाने तगादा लावलाय, सत्काराचे फोटो तेवढे आधी पाठव. आई समोर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगू, मामा," मी म्हटलं. "शटर गेलं. सेकंडहँडचं काय खरं नसतं."