ताईंचं पाण्याचं भांडं

कमलताई गेल्याचं मी वडिलांना, आबांना, फोनवर सांगितलं, तेव्हा ते त्यांना ऐकूच गेलं नाही. कबनूरच्या त्यांच्या दुकानाला लागूनच यंत्रमाग आहेत, आणि आबांचे कान त्याच खडखडाटात कधीचे अधू झालेले. "मोठ्यानं बोल की," ते म्हणत राहिले. असली बातमी मला ओरडून सांगावी लागली.

कमलताई निवृत्त शिक्षिका. शिवाजी पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये त्या व्याख्यानमाला चालवायच्या. कधी तारे, कधी चित्रकला, कधी जुनी नाणी. वक्ता कितीही मोठा असो, आभार मानायला समितीतलं कुणी उठत नसे. ताई टेबलावरचं पाण्याचं भांडं उचलून श्रोत्यांत यायच्या आणि कुणा एकाच्या हातात द्यायच्या. त्यानं घोटभर पाणी प्यायचं आणि आज काय समजलं ते वक्त्यासमोर आपल्या शब्दांत सांगायचं. तेच आभार.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आबा मला घरी न्यायला आले. मामानं स्थळ आणलं होतं. "उद्या दाखला काढायचा. बास झालं शिक्षण," एवढंच बोलले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांशी वाद कसा घालतात हेही मला माहीत नव्हतं. मी फक्त म्हणाले, आज व्याख्यान आहे, तेवढं ऐकून जाऊ.

विषय होता आवाज. तो कसा तयार होतो, कानापर्यंत कसा पोचतो. आबा शेवटच्या रांगेत, चपला मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी मी वक्त्याचा एकेक शब्द घट्ट धरून ठेवत होते, कारण हे माझं शेवटचंच व्याख्यान होतं.

ते संपलं. ताई भांडं घेऊन थेट मागे आल्या आणि आबांसमोर धरलं. "पावणं, तुम्ही सांगा."

आबांनी मांडीवरच्या चपला आणखी जवळ ओढल्या.

"घाबरू नका ओ पावणं," तालमीतला एक पैलवान म्हणाला, "आमालाबी काय कळलं न्हाय."

हशा झाला. आबा हसले नाहीत. मला वाटलं, आता माझा हात धरून चालू लागतील... ते उठले आणि भांडं माझ्या हातात दिलं. "मला ऐकायला कमी येतंय. ही माझी पोरगी हाय, ती सांगंल."

मी पुढे जाऊन काय बोलले ते धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आबा रांगांमधून वाट काढत पुढे आले आणि माझ्यासमोर खाली बसून, कानामागे हात धरून ऐकू लागले.

बाहेर आल्यावर त्यांनी चपला घातल्या. "दाखला ऱ्हाऊ दे. मामाला मी सांगतो."

ताईंना आमचं काही कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं... एकदा फक्त, भांडं चार बोटं रिकामं का ठेवता, असं विचारलं. "घेणाऱ्याचा हात कापतो गं," त्या म्हणाल्या.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. आबा या वेळी पहिल्या रांगेत होते. टेबलावर भांडं होतं, कुणीतरी काठोकाठ भरून ठेवलेलं. भाषणं संपली तरी ते उचलायला कुणी पुढे होईना. शेवटी मी उठले. दारातल्या कुंडीत थोडं पाणी ओतलं आणि भांडं घेऊन मागच्या रांगेकडे निघाले.