बाळकृष्णाचे नाकडोळे

परवा सुनेने देव उजळायला चिंच भिजवली आणि त्या आंबट वासाने मला नव्वदच्या दशकातला भांडीबाजार आठवला. तिथे मी मूर्तींच्या दुकानात कामाला होतो. शेजारच्या एकट्या म्हातारीने पिढीजात पितळी बाळकृष्ण माझ्या हाती दिला. म्हणाली, “माझ्यामागं पूजा करणारं कुणी नाही रे, गोदेत सोडून ये.” मी मात्र ती गोदेत न सोडता दुकानात विकायला नेली. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी न्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून मी ती चिंच-ॲसिडने घासली, पार नाकडोळे झिजेपर्यंत. पुरातत्त्व खात्याच्या साहेबाने मूर्ती नवी असल्याचा दाखला दिला, गोरं गिऱ्हाईक ती घेऊन गेलं. म्हातारी मरेपर्यंत रोज रामकुंडात तुळस सोडायची. एकदा तिने विचारलं, “बुडताना तोंड वर होतं ना त्याचं?” मी म्हणालो, “हो आजी, हसत होता.”