पंखा कोणाकडे

काकांच्या हाताला कंप सुटला तेव्हा दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली लेकीकडे गेली. काका मात्र दुकानातच राहिले. लेकीने जोडून ठेवलेला कॉम्प्युटर, ती चहाला गेली की, ते पुन्हा उघडत आणि आपल्या पद्धतीने लावत. "माझ्या सासूबाईसुद्धा स्वयंपाकघरात एवढ्या लुडबुडल्या नाहीत," ती म्हणायची. काका हसायचे. मग एका सकाळी तिने ठणकावलं, पुन्हा असं झालं तर घरी बसा.

त्याच दिवशी दवाखान्याचा कॉम्प्युटर आला. लसींच्या फ्रिजचं तापमान तोच सांभाळत असे. लेकीने त्यात नवी सिस्टिम घातली. अशा यंत्राला थंड ठेवणारा आतला पंखा दोघांपैकी एकाने चालवायचा असतो: बोर्डात मुळापासून बसलेल्या प्रोग्रॅमने, नाहीतर वरून घातलेल्या सिस्टिमने. सुरू होताना सिस्टिम ताबा मागते. बोर्ड देतो किंवा देत नाही. काका आयुष्यभर बोर्डाच्या बाजूचे. सिस्टिम काय, आज आहे उद्या नाही.

लेकीला सकाळचं बोलणं खात होतं. म्हाताऱ्याचा मान राहू दे, म्हणून तिने सिस्टिमला पंखा मागायलाच मनाई केली. बोर्ड बघेल. ती जेवायला गेल्यावर काकांनी बोर्डाची सेटिंग उघडली. एकदा तरी तिच्या मनासारखं होऊ दे, म्हणून पंखा सिस्टिमकडे सोपवला. दोघांनीही एकमेकांना हे सांगितलं नाही. चालू करताना पंखा तसाही एकदा जोरात फिरतोच. तो फिरला, आणि यंत्र खोक्यात गेलं.

सुट्टीच्या दिवशी, दवाखान्याच्या बंद खोलीत, ते तापून बंद पडलं. डॉक्टरीणबाई ते परत घेऊन आल्या. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या, म्हणाल्या. तान्ही बाळं घेऊन आलेल्या बायकांना दारातून परत पाठवलं. आवाज चढवला नाही. यापुढे काम दुसरीकडे देईन, एवढंच.

लेकीने यंत्र उघडलं आणि तिला सगळं कळलं.

"बाबा, निम्मी चूक माझी. मी पंखा तुमच्यावर, तुमच्या बोर्डावर सोडला होता."

तिने कधी काही आपल्यावर सोडलेलं काकांना आठवेना.

"राहू दे गं. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस."

तिने स्क्रीन त्यांच्यापुढे फिरवला. त्यांनी चष्माच लावला नाही. स्क्रूड्रायव्हर पुसून खणात ठेवले.

आता ते घरीच असतात. लेक रोज निघताना विचारते, येताय का. ते म्हणतात, तू आहेस ना.