हत्शेपसुतचं खरवडलेलं नाव

देवापुढे धूप लावला, की मला ऐंशीच्या दशकातलं इंग्लंडमधल्या श्रूजबरीचं आमचं भाड्याचं घर आठवतं, कारण मुलगी तेव्हा शाळेतून रोज एका इजिप्तच्या राणीच्या गोष्टी घेऊन यायची, आणि त्यांत दूरदेशाहून धुपाची झाडं आणणारी जहाजं असायची. हत्शेपसुत नावाची ती राणी खोटी दाढी लावून राज्य करायची. हे सगळं टीचरनं सांगितलेलं. मी काही सांगू लागले, की लेक म्हणायची, "आई, माय टीचर नोज बेटर." आठ वर्षांची पोर माझी, आणि तिचं सगळं कौतुक त्या टीचरसाठी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मी लायब्ररीतून राणीवरचं जाडजूड पुस्तक आणलं, डिक्शनरी घेऊन चार दुपारी वाचलं आणि जेवताना मुद्दाम म्हटलं, "तुझ्या टीचरनं हे नाही ना सांगितलं? राणी मेल्यावर पुढच्या राजानं भिंतींवरचं तिचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं." तिचा घास हातातच राहिला. "व्हाय?" एवढंच विचारून ती रडायला लागली आणि माझ्या कुशीत शिरली. दुसऱ्या दिवशी शाळेत टीचर मला शांतपणे म्हणाली, "ते मी वर्षाच्या शेवटी सांगणार होते. तिला राणी फार आवडते ना." मी मान खाली घालून सॉरी म्हटलं. पण आदल्या दिवशी लेक रडत माझ्याकडे आली, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.