बुरुल एजेच्या हिरड्या

सरोवराजवळच्या आमच्या काराकोल गावात बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, संगीतशाळेत तेमिर-कोमुज शिकवायची, आणि तिच्या वर्गाच्या दाराशी आलेले पालक आपोआप हळू बोलायला लागायचे. तिचा राग गावाला ठाऊक होता. वाद्य केवढं, तर किल्लीएवढं. ते लोखंड पुढच्या दातांवर टेकवायचं, बोटाने त्याची पाती छेडायची, आणि आवाज घडवायचा तो तोंडाच्या पोकळीत. दात पक्के नसतील तर ते नुसतं खडखडतं. एजेचे दात पक्के होते. नूरुझच्या सणाला ती मैदानात उभी राहिली की घोड्यावर बसलेले लोकही लगाम ओढून थांबायचे.

मी शेजारच्या खोलीत अकॉर्डियन शिकवते, त्यामुळे मला तिची आणखी एक गोष्ट माहीत होती. ती सिगारेट ओढायची. बॉयलरच्या खोलीमागे, आमचा बॉयलरवाला गेनादी याच्या सोबतीने. सवय कॉलेजातली. आमच्याकडे पुरुष ओढतो तेव्हा कुणी मान वळवून बघत नाही. बाईने ओढली, त्यातून मास्तरणीने, की तिच्या मुलींच्या लग्नाला फाटे फुटतात. म्हणून ती पुदिन्याची पानं चघळायची, साबणाने हात धुवायची, आणि मगच घरी जायची. नवरा साबिरबेक जाणून होता. तो गप्प बसायचा. सासूला पत्ता नाही असं ती धरून चालली होती.

तिच्या धाकट्या दिराने, एमिलने, बाजाराशेजारी ई-सिगारेटचं दुकान टाकलं. तेव्हा बंदी आलेली नव्हती. एक दिवस त्याने तिच्या हातात एक चपटी नळी ठेवली, खरबुजाच्या वासाची.

"जेने, हा धूर नाहीच," तो वहिनीला म्हणाला. "नुसती वाफ. चहाच्या किटलीतून निघते ना, तशी. आई शेजारी बसली तरी तिला कळायचं नाही."

शेवटचं वाक्य एजेला पटलं. थोड्याच दिवसांत सिगारेट सुटली. खोकला गेला, शाळेचा जिना ती न थांबता चढायला लागली. तिचं बघून गेनादीने तीच नळी घेतली, माझ्या नवऱ्याने, जोलदोशनेही. आमच्या पडद्यांचा धुरकट वास गेला म्हणून मी एमिलला मनातल्या मनात दुवा दिला.

मग रक्त यायला लागलं. आधी दात घासताना, मग पावाच्या तुकड्यावर. एकदा ती मुलींना एक धून वाजवून दाखवत होती आणि लोखंड तोंडातून काढलं तर त्याच्या कडा लाल. पुढच्या बाकावरची मुलगी रडायला लागली. एजेने वर्ग सोडला, कोट न घालताच बाजार गाठला. मी मागे धावले, कारण तिचा चेहरा मला ठीक दिसत नव्हता.

दुकानात गिऱ्हाईक होतं. तिने ती नळी काउंटरवर आपटली.

"किटलीची वाफ म्हणालास ना? मग माझी किटली रक्त का ओकते?"

"जेने, लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांनाही विक. त्यांच्याही हिरड्या सडव."

एमिल काहीतरी पुटपुटला, की खोक्यावर असलं काही लिहिलेलं नाही. तिने त्या खोक्यांची अख्खी रास हाताने ढकलून दिली, आणि परतताना कोपऱ्यावरच्या टपरीतून सिगारेटचं पाकीट घेतलं, उघड्यावर, सगळ्यांदेखत. मी पहिल्यांदाच तसं पाहत होते.

आणि रक्त थांबलं. काही आठवड्यांतच हिरड्या पुन्हा फिक्या, घट्ट, देखण्या दिसायला लागल्या. झालं, याहून मोठा पुरावा कुठला? बॉयलरच्या खोलीमागे तिने व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. सिगारेट म्हणजे निदान झाडाचं पान, वाफ म्हणजे रसायन. गेनादीने नळी टाकून दिली. जोलदोश तर वाटच बघत होता. बुरुल एजेसारखी बाई सांगते म्हटल्यावर तो त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन आला. खात्री करायला ती दाताच्या दवाखान्यातही जाऊन आली. आमच्या डॉक्टर कुबानने ओठ वर करून पाहिलं, दरवर्षीसारखंच म्हणाला, हिरड्या छान आहेत, रक्तबिक्त काही नाही. दातांवरचे पिवळे डाग घासून दिले आणि पाठवून दिलं.

हिवाळ्यात ती कुरुत खात होती. ते वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे दगडासारखे असतात, आमच्याकडची पोरंही सहज फोडतात. तिने चावा घेतला आणि खालचा पुढचा दात हलला. आरशात बोटाने दाबून बघितलं तर शेजारचाही हलत होता.

या वेळी कुबानकडे न जाता आम्ही राजधानीला, बिश्केकला गेलो. तिथे सायरा नावाची डॉक्टर फक्त हिरड्यांचीच कामं करते असं कळलं होतं. तिने तोंड उघडायला सांगण्याआधी विचारलं, दिवसाला किती ओढता?

"मी नाही ओढत," एजे म्हणाली.

डॉक्टरने दातांचा एक्स-रे फोटो काढला, पडद्यावर लावला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. एजेने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग खरं सांगितलं. नळीचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, रक्त थांबल्याचंही सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा चढलाच. जणू डॉक्टरला तिने पेचात पकडलं होतं.

डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवलं. दातांच्या मुळांभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त खाली गेलं होतं. हे काही महिन्यांत होत नाही, ती म्हणाली, याला वर्षं लागतात. सिगारेटमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आतून किडत असली तरी हिरडी सुजत नाही, रक्त येत नाही, वरून ठणठणीत दिसते.

"तुम्ही सिगारेट सोडलीत तेव्हा हिरडी जागी व्हायला लागली," डॉक्टर म्हणाली. "दुखणं जुनंच होतं, फक्त दिसायला लागलं. तेव्हाच यायला हवं होतंत. तुम्ही परत तिचं तोंड दाबलंत."

"म्हणजे वाफ चांगली होती?"

"असं मी म्हटलेलं नाही. त्यातही निकोटीन आहे, आणि पुढे ती हिरड्यांचं काय करते ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. धुरापेक्षा कमी वाईट असेल. पण तोंडाला विचाराल, तर त्याला दोन्ही नकोत."

परतीच्या गाडीत खिडकीतून सरोवर दिसायला लागलं आणि तिने तोंड उघडलं. आधी एमिलला शिव्या घातल्या, मग स्वतःला, मग कुबानवर आली आणि तिथेच थांबली. दरवर्षी त्याच्या खुर्चीत बसत होते, ती म्हणाली, दरवर्षी तो हे तोंड उघडून बघत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ओळीने माणसं बसली होती. कुबान बाहेर आला तशी ती उठली, आणि फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने तो उजेडाकडे करून पाहिला.

"तुम्ही ओढता हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत?"

"वास यायचा मला." त्याने आवाज खाली आणला. "पण एजे, बाईमाणसाला, मास्तरीणबाईला, असं कसं विचारायचं? तुमची अब्रू..."

"हळू का बोलताय? मोठ्याने बोला," ती म्हणाली. "माझं तोंड आहे ते. डाग घासून द्यायला लाज वाटली नाही, डाग कशाचे हे विचारायला वाटली?"

कुबान रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता कळवळला, आणि त्याने तिला फुकट तपासण्याची तयारी दाखवली. ती फोटो घेऊन निघाली. मला त्या माणसाची आजही चीड येते. वाईट माणूस नाही तो. सभ्य आहे, आणि त्या सभ्यपणानेच घात केला.

घरी जेवताना तिने सासूला स्वतःच सांगून टाकलं. म्हातारी चहा ओतत होती. चहाची वाटी पुढे सरकवत ती म्हणाली, "तू या घरात आलीस त्या वर्षापासून मला वास येतोय, पोरी."

हे मला एजेने दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं.

"सगळ्यांना माहीत होतं, असिल. सगळ्यांनी मिळून माझी अब्रू सांभाळली. दात कुणी सांभाळले नाहीत."

त्या सगळ्यांत मीही आलेच, पण ती माझ्यावर ओरडली नाही. संध्याकाळी ती आमच्या घरी आली, चहाला बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहून जोलदोशला म्हणाली की मी तुला सांगितलं ते साफ चूक होतं, सिगारेट टाक आणि त्या नळीकडेही वळू नकोस. गेनादीलाही तिने असंच गाठलं. गेनादीने सोडली. जोलदोश अजून ओढतो. आपल्या हिरड्यांतून रक्त येत नाही, असं तो मलाच ऐकवतो, आणि मी भांडी आपटते.

एजेचे खालचे दोन दात काढावे लागले. उरलेले बिश्केकच्या डॉक्टरने बारीक तारेने एकमेकांना बांधले, आणि त्यांवर लोखंड टेकवायला कायमची मनाई केली. सिगारेट आणि नळी दोन्ही सुटल्या, पण सहजासहजी नाही. त्या महिन्यांत तिच्या वर्गाच्या दाराशी पालक बोलेनासेच झाले. हिरड्या आता बऱ्या आहेत. गेलेलं हाड परत येत नाही. ती मुलींना धून गाऊन दाखवते, बोटाने ताल देते, आणि एखादी चुकली की पूर्वी वाजवून दाखवायची तिथे आता टेबलावर मूठ आपटते.

यंदा नूरुझला तिच्या विद्यार्थिनी वाजवत होत्या आणि ती पहिल्या रांगेत उभी होती. प्रांताच्या कचेरीतल्या एका साहेबाने कौतुकाने विचारलं, एजे, तुम्ही का नाही वाजवत?

"सिगारेटने दात खाल्ले माझे," ती म्हणाली. मागच्या तीन-चार रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिचा नवरा साबिरबेक शेजारीच होता. तो कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही. साहेबाने दुसरीकडे बघितलं. दोन दिवसांनी औषधाच्या दुकानातली बाई शाळा सुटल्यावर वर्गात आली, दार लावून घेतलं, आणि कुजबुजत बिश्केकच्या डॉक्टरचा पत्ता मागितला. एजेने आधी उठून दार उघडलं, मग पत्ता सांगितला.