चव्वेचाळीसची हवा

करंजाड्याच्या चारुताबाई छपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या, त्या हौसेखातर नव्हे. यजमानांच्या, कमलाकरांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून तीनदा पनवेलला फिजिओथेरपीला न्यायचं आणि रिक्षातले धक्के त्यांना सोसेनात. गाडी दारात उभी होती, चालवणाराच कॉटवर आडवा. बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल गाठलं आणि लायसन्स घेऊनच थांबल्या.

तीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात काढली होती. लेबल वाचल्याशिवाय कधी कुणाच्या हातात बाटली दिली नाही. गाडीचंही तेच. टायरवर बारीक अक्षरांत असलेला हवेचा आकडा त्यांनी चष्मा लावून शोधून काढला. दर पंधरा दिवसांनी पंपावर जाऊन सांगत, "चव्वेचाळीस भरा."

तरी गाडी उडायची. जरासा खड्डा आला की कमलाकर दात आवळून वरचं हँडल धरत. बाई वेग वीसवर आणत, मागचे हॉर्न वाजवत, आणि धक्का बसायचा तो बसायचाच. एके दिवशी ते हळूच म्हणाले, "चारू, थोडे दिवस थांबू या का? घरीच करतो व्यायाम."

बाईंच्या चालवण्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्तच लागलं. बाईंनी ड्रायव्हर ठेवायचं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना चाकात खिळा घुसला. एसटी स्टँडजवळ पंक्चर काढणाऱ्या बळीरामने चाक उतरवलं आणि टायरवरून हात फिरवला.

"ताई, हवा किती भरता?"

"चव्वेचाळीस. टायरवरच लिहिलंय की."

"तो टायरला जास्तीत जास्त किती सोसंल त्याचा आकडा हाय. तुमच्या गाडीला किती पायजे, ते हितं नाय लिवलेलं." त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आतल्या पट्टीवरचा स्टिकर दाखवला. तेहेतीस. "म्हनून टायर मधोमध झिजलाय. दगडावानी झाला की खड्डा पोटात घेत नाय, वर फेकतो."

बाईंनी चष्मा लावून स्टिकर वाचला. मग विचारलं, "म्हणजे मी वाईट चालवत नाही?"

"तुमी आता गाडी लावली ती बघितली ना मी. नीट लावली." त्याने पंक्चर काढून चाक बसवलं आणि चारही चाकांत हवा तेहेतीसवर आणली. "सकाळी टायर गार असताना परत मोजून घ्या. गाडी पळवून आनल्यावर आकडा फुगलेला दिसतो."

बाईंनी सकाळी घराजवळच्या पंपावर हवा मोजून घेतली आणि कमलाकरांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. त्यांनी सवयीने हँडल धरलं. स्टेशनच्या रस्त्यावरचा मोठा खड्डा आला आणि गेला. थोड्या वेळाने त्यांचा हात खाली आला.

"रस्ता केला वाटतं," ते म्हणाले.

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. "इतके महिने मीच तुमचे हाल केले हो."

कमलाकरांनी एकदा वरच्या हँडलकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटत होतं, दुखणंच वाढत चाललंय. पुन्हा ऑपरेशन सांगतील म्हणून तोंड उघडत नव्हतो." आणि ते हसायला लागले. बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, मग त्याही हसल्या.

व्यायाम आटोपून बाहेर आल्यावर कमलाकरांनी स्वतःच विषय काढला. लेक आभा उलव्याला राहायला जाऊन वर्ष होत आलं होतं, तिचं घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"जमेल का गं तुला तिथपर्यंत?"

"जमेल की," बाई म्हणाल्या, आणि आभाला फोन करून दोघांचा भात वाढवायला सांगितला.